पाळी चुकली की आधी तारीख बघा: दिवस राहिलेत का हे ओळखायचं कसं आणि चाचणी करायची कधी

"ताई, दोन दिवस झाले नुसतं मळमळतंय. दिवस राहिले असतील का हो?"

असं कुणी विचारलं की मी उलट एकच विचारते, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती? यावर बहुतेक वेळा तारीख मिळत नाही. 'संक्रांत झाल्यावर आली होती', 'वणीला जाऊन आलो त्याच्या आधी', 'धाकट्याच्या परीक्षेच्या वेळी' अशी उत्तरं येतात. मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवायचं आणि दोघींनी मिळून मागे मागे जायचं. संक्रांतीचं सोपं असतं, ती १४-१५ जानेवारीला येते. रंगपंचमी किंवा चैत्रातली यात्रा म्हटलं की ती यंदा कधी होती हे शोधावं लागतं.

मी नाशिकच्या मखमलाबादकडच्या भागात आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. आमच्याकडे एका अंगाला द्राक्षबागा आहेत आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला आलेल्या बाया, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरी, कॉलेजरोडला नोकरी करणाऱ्या नव्या सुना, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. त्या सगळ्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. लक्षणं फसवतात, तारीख सहसा फसवत नाही. म्हणून पाळी आली की पहिल्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. घरातल्यांनी बघू नये असं वाटत असेल तर मोबाइलमध्ये ठेवा. पण ठेवा.

लक्षणं का फसवतात ते आधी समजून घ्या

दर महिन्याला पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी अंडं सुटतं. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. दिवस राहोत किंवा न राहोत, ते वाढतंच. छाती दुखणं, अंग जड वाटणं, झोप येणं, पोट फुगणं, चिडचिड हे सगळं त्यानं होतं. म्हणजे पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात जे होतं तेच दिवस राहिल्यावरही होतं. दोन्हीतला फरक त्या आठवड्यात कुणालाच ओळखता येत नाही. सासूबाईंना नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नुसतं बघून नाही.

तरी काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सगळ्यात पहिली आणि भरवशाची म्हणजे पाळी चुकणं, तेही जिची पाळी एरवी नेमाने येते तिची. त्याच सुमारास छाती जड होते, ब्लाउज घट्ट वाटतो, स्तनाग्रांना कपडा लागला तरी टोचतं, पुढे भोवतालचा भाग काळसर व्हायला लागतो. थकवा हे दुसरं. हा थकवा नेहमीच्या कामाचा नसतो. दुपारी भाकरी खाल्ली की बसल्या जागी डोळे मिटतात, जिना चढून आलं की आडवं व्हावंसं वाटतं.

मळमळीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. सिनेमात बाई चक्कर येऊन पडते, उलटी करते आणि लगेच पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात मळमळ बहुधा पाळी चुकल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि चौथा महिना लागला की बहुतेकींची कमी होते. पाळी यायला अजून आठ दिवस आहेत आणि आज उमासे येतायत, तर ते पित्त असण्याचीच शक्यता जास्त. उलट्या फक्त सकाळीच होतात असंही नाही, दिवसभर किंवा फक्त संध्याकाळी होणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या आहेत. काही जणींना नऊ महिन्यांत एकदाही उलटी होत नाही आणि त्यांचं बाळ छान असतं. 'मला काहीच होत नाही, म्हणजे गर्भ नीट नाही का?' म्हणून घाबरलेल्या पोरी येतात, त्यांना हे मुद्दाम सांगते.

वासाचं मात्र पुष्कळजणींच्या बाबतीत खरं ठरतं. कालपर्यंत आवडणारी लसणाची फोडणी आज नकोशी होते, चहा उकळायला लागला की बाहेर जावं लागतं, नवऱ्याच्या अंगाच्या साबणाचा वास सहन होत नाही. पण बागेत फवारणी चालू असेल तर त्या औषधाच्या वासानेही डोकं दुखतं आणि मळमळतं. मशेरी लावणाऱ्या बाईला उपाशीपोटी लावल्यावर चक्कर आणि उमासे येतात. कावीळ सुरू होताना अन्नावरची वासना उडते. मळमळ पाहून पोटात बाळ आहे असं कुणी सांगितलं तर मी आधी ही कारणं विचारते.

लघवीला वारंवार जावं लागणं हेही लक्षण आहे. पण त्याबरोबर जळजळ, दुर्गंधी किंवा थंडीताप असेल तर तो लघवीचा संसर्ग आहे, आणि तो गरोदरपणात अंगावर काढणं जास्त वाईट. लघवी तपासून घ्या.

आणखी एक म्हणजे ठिपके. गर्भ गर्भपिशवीच्या अस्तरात रुजतो तेव्हा काही जणींना एक-दोन दिवस गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, साधारण पाळी यायच्या दिवसांच्या आसपासच. बाई समजते पाळी आली. नेहमीपेक्षा खूप कमी गेलं, पॅडही भरलं नाही, एका दिवसात थांबलं, तर ती पाळी धरू नका आणि आठवड्याने चाचणी करा. असं डाग लागणं पाळी धरून बसल्यामुळे पुढे दिवसांचा हिशोब महिन्याने चुकतो आणि बाळंतपणाच्या तारखेपर्यंत ती चूक सोबत येते.

चाचणी कधी करायची

किट लघवीत एक संप्रेरक शोधतं, त्याला एचसीजी म्हणतात. ते गर्भ रुजल्यानंतरच तयार व्हायला लागतं, आणि अंडं सुटल्यापासून रुजायला सहा ते बारा दिवस लागतात. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की पट्टीला कळत नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. आज १० असेल तर दोन दिवसांनी २०, चार दिवसांनी ४०. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या साधारण २५ च्या पुढे ओळखतात. म्हणजे तीच बाई, तेच किट, पण सोमवारी 'नाही' आणि शुक्रवारी 'आहे' असं होऊ शकतं. यात किट खोटं बोललेलं नसतं, घाई झालेली असते.

ज्यांची पाळी नेमाने येते त्यांनी पाळीची तारीख उलटून गेल्यावर चाचणी करावी. माझं मत विचाराल तर तारखेनंतर एक आठवडा थांबलात तर उत्तर जवळजवळ पक्कं मिळतं. थांबणं जमत नसेल तर पहिल्याच दिवशी करा, पण तेव्हा 'आहे' आलं तर विश्वास ठेवा आणि 'नाही' आलं तर ठेवू नका. तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा करा.

ज्यांची पाळी कधी महिन्याने तर कधी दोन महिन्यांनी येते, पीसीओडी (बीजकोशांचा विकार) आहे, थायरॉइड आहे, त्यांना 'तारीख उलटली' याला अर्थच नसतो. त्यांनी शेवटच्या संबंधाची तारीख धरावी आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी चाचणी करावी. तोपर्यंत गर्भ राहिला असेल तर पट्टीवर दिसेल इतकं संप्रेरक तयार झालेलं असतं. झोपायच्या वेळा रोज बदलतात म्हणून पाळी पुढे-मागे होते असं रात्रपाळीच्या पोरी सांगतात. त्यांनाही हाच नियम सोयीचा पडतो.

अंगावर पिणारं मूल असलेल्या आईने विशेष लक्ष द्यावं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, त्याला फक्त आईचं दूध चालू आहे, पाणीसुद्धा नाही, आणि पाळी अजून परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच दूध पाजण्यामुळे बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. यातली एक जरी सुटली तरी दिवस राहू शकतात. अंडं आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, म्हणून एकदाही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस राहिलेल्या बाया दर वर्षी भेटतात. पोटात हालचाल जाणवेपर्यंत त्यांना कळलेलं नसतं. बाळ वरचं खायला लागलं, आणि मधेच मळमळ, थकवा वाटला, दूध कमी झाल्यासारखं वाटलं, तर पाळीची वाट न बघता चाचणी करा.

दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन घेणाऱ्यांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण पुढच्या इंजेक्शनची तारीख बरीच उलटून गेली असेल तर चाचणी करूनच इंजेक्शन घ्या. छाया या गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी लांबते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर तपासा. असुरक्षित संबंधानंतरची तातडीची गोळी घेतली असेल तर पुढची पाळी थोडी आधी किंवा उशिरा येऊ शकते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर चाचणी करा.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट फार होते. सप्तशृंगीच्या गडावर जायचं, घरात नवरात्र बसायचं, लग्नकार्य आलं, की पाळी लांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतल्या जातात. गोळ्या बंद केल्यावर सहसा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा झाला तरी आली नाही की 'गोळ्यांमुळे लांबली असेल' म्हणून महिना महिना वाट पाहतात. वाट पाहू नका. आणि गोळ्या सुरू करायच्या आधीही दिवस राहिलेले नाहीत ना याची खात्री करून, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तांबी बसवलेली असताना किंवा कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असताना पाळी चुकली आणि किटवर दोन रेषा आल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी दिवस राहणं कमी असतं, पण राहिलेच तर गर्भ नळीत असण्याचा धोका जास्त असतो.

किट कसं वापरायचं

शासनाचं किट आशाकडे, उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, त्याचं नाव निश्चय. मेडिकलमध्येही मिळतं, चिठ्ठी लागत नाही. घेताना मुदत बघा. पाकीट फाटलेलं किंवा हवा गेलेलं नको. उन्हाळ्यात ते गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. वापरायच्या क्षणापर्यंत फोडू नका, दमट हवा लागली की पट्टी बिघडते.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपल्या लांब झोपेनंतरची पहिली धरावी. दिवसा करायचीच झाली तर चार तास लघवी न करता थांबा आणि त्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नका. पाणी जास्त प्यायलात की लघवी पातळ होते आणि नुकते राहिलेले दिवस दिसत नाहीत. लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. साबणाचे अंश राहिलेली वाटी नको.

किट सपाट जागेवर ठेवा. सोबतच्या छोट्या नळीने एस लिहिलेल्या गोल खाचेत पाकिटावर सांगितलेले असतील तितकेच थेंब टाका, बहुतेक किटला दोन-तीन. भसकन ओतू नका, रेषा फिसकटतात. मग मोबाइलवर पाच मिनिटांचं घड्याळ लावा आणि किटला हात लावू नका.

सी समोर रेषा यायलाच हवी, ती किट चालू आहे याची खूण. फक्त सी समोर रेषा आली तर आज तरी दिवस राहिलेले दिसत नाहीत. सी आणि टी दोन्हीसमोर आली तर राहिले आहेत. टी समोरची रेषा फिकी असेल, नीट उजेडात धरल्यावर दिसत असेल, तरी ती रेषाच आहे. फिकी म्हणजे गर्भ अशक्त असं मुळीच नाही, फक्त दिवस थोडे आहेत. दोन दिवसांनी पुन्हा केलीत तर ती गडद दिसेल. सी समोर काहीच आलं नाही तर, टी समोर काहीही असो, ते किट वाया गेलं, नवीन घ्या. आणि पाच मिनिटांनी बघायचं ते पाच मिनिटांनीच बघा. दहा मिनिटांनंतर, संध्याकाळी कचऱ्यातून काढून बघितलं तर वाळल्याची करडी रेघ दिसते. तिच्यावर आनंद किंवा दुःख करू नका.

मीठ, साखर, टूथपेस्ट, साबण टाकून फेस बघण्याचे प्रकार मोबाइलवर फिरतात. त्यांनी काहीही कळत नाही. मोफत किट दारात येत असताना ते करायचं कारण नाही.

खोटं 'आहे' क्वचितच येतं. मूल होण्यासाठीच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते अंगात काही दिवस राहतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच चाचणी करायची. नुकताच गर्भपात झाला असेल तर काही आठवडे रेषा दिसू शकते. सर्दीच्या गोळ्या, प्रतिजैविकं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी निकाल बदलत नाही.

दोन वेळा 'नाही' आलं, पाळी तरीही येत नाही, तर रक्तातली बीटा एचसीजी तपासणी करून घ्या, ती लवकर आणि नेमकी सांगते. तीन महिने पाळी नाही आणि दिवसही नाहीत, तर थायरॉइड, पीसीओडी किंवा दुसरं काही कारण असेल. 'बरंच झालं, कटकट नाही' म्हणून सोडून देऊ नका.

दोन रेषा आल्यावर

आधी हिशोब समजून घ्या, कारण यावरून घराघरांत भांडणं होतात. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी बाई गरोदर नसतेच. पण अंडं कधी सुटलं हे माहीत नसतं आणि पाळीची तारीख माहीत असते, म्हणून जगभर मोजणी तिथून धरतात. पाळी चुकते तेव्हाच कागदावर चार आठवडे लिहिलेले असतात. नवरा गुजरातला ट्रकवर होता, तीन आठवड्यांपूर्वी घरी आला, आणि सोनोग्राफीच्या कागदावर पाच आठवडे! एवढ्यावरून बाईवर संशय घेतलेला मी पाहिला आहे. त्या कागदातले पहिले दोन आठवडे संबंधाच्या आधीचे असतात, हे नवऱ्याला आणि सासरच्यांना समजावून सांगायला मी स्वतः जाऊन बसते. हे वाचणाऱ्या पुरुषांनीही लक्षात ठेवावं.

बाळंतपणाची तारीख काढायची तर शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १५ जानेवारीला पाळी आली असेल तर २२ ऑक्टोबर. ही अंदाजाची तारीख आहे, पाळी महिन्याच्या महिन्याला येणाऱ्यांना जास्त लागू. बाकीच्यांची सोनोग्राफीवरून ठरते. गर्भाचे ठोके साधारण सहा-सात आठवड्यांत दिसतात. त्याआधी सोनोग्राफी केलीत तर नुसती पिशवी दिसते आणि उगाच घोर लागतो. म्हणून त्रास नसेल तर डॉक्टर थोडं थांबायला सांगतात.

फोलिक अॅसिडची गोळी, ४०० मायक्रोग्रॅमची, लगेच सुरू करायची. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी पाळी चुकल्यापासून दोनेक आठवड्यांतच बंद होते. म्हणून मूल हवंय असं ठरवल्यापासूनच ही गोळी घ्यावी, आणि म्हणूनच लवकर कळणं मोलाचं. तिसऱ्या महिन्यापर्यंत लपवून ठेवायची रीत असेल तर शेजाऱ्यांपासून लपवा, आरोग्य केंद्रापासून नको. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. मळमळ असताना त्या आधीच घेतल्या तर जास्त त्रास होतो.

चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मुरुमांच्या काही गोळ्या, काही दुखणं थांबवायच्या गोळ्या बाळाला घातक असतात. पण फिटची, थायरॉइडची, रक्तदाबाची, साखरेची गोळी मनाने बंद करू नका. त्यातली काही बदलतात, काहींची मात्रा वाढवतात, आणि ते डॉक्टरच करतात. मशेरी, तंबाखू, दारू आजपासून बंद. मशेरी सोडणं किती अवघड असतं मला ठाऊक आहे, तरीही सांगते.

बागेत काम करणाऱ्यांनी मुकादमाला लगेच सगळं सांगावं असं नाही, पण औषधाजवळचं काम टाळा. छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना लावायची पेस्ट, घड बुडवायचं डिपिंग, फवारणी चालू असलेल्या ओळीत शिरणं, हे नको. विरळणी, पॅकिंग अशी कामं मागून घ्या. हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नका, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. मालकाने ऐकलं नाही तर आम्हाला सांगा, आम्ही बोलतो.

या वेळी घरी थांबू नका

पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, अंगावरून जातंय, खांद्याच्या टोकाला कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येऊन घाम सुटतो. यातलं काहीही झालं तर गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. 'सकाळी बघू' म्हणू नका, बस किंवा रिक्षाची वाट बघू नका. पेठ-हरसूलच्या पाड्यावर असाल तर आणखी आधी निघा, घाट उतरून यायला वेळ लागतो. किटवर रेषा फिकी आहे की गडद, यावरून गर्भ कुठे आहे ते कळत नाही.

उलट्या इतक्या होतात की घोटभर पाणी टिकत नाही, दिवसभर लघवी झाली नाही किंवा गडद पिवळी होते, तर ते डोहाळे म्हणून सोडू नका. सलाइन लागतं.

नको असेल तर

हे लिहायला हवं, कारण अशा बाया सगळ्यात उशिरा येतात. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने काही अटींवर मान्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने होतो. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी ती येऊ शकते. तिचं नाव गुप्त ठेवणं हे कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते. मेडिकलमधून चोरून आणलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. गर्भ नळीत असला तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, आणि अर्धवट राहिलेला गर्भपात बाईला रक्तबंबाळ करतो.

मुलगा की मुलगी हे पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून, उलट्यांवरून कळत नाही. सोनोग्राफीत ते विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन कुणी येऊ नये.

आणि किटचा निकाल कुणाला आधी सांगायचा हे त्या बाईने ठरवायचं. मी किट देते, बाहेर ओट्यावर बसते. ती बोलेल तेव्हा बोलते. सासूबाईंनी दारातून विचारलं तरी उत्तर मी देत नाही.

नोंदणीला यायचं

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. गावात उपकेंद्र, शहरात जवळचं शहरी आरोग्य केंद्र. मोठ्या तपासण्यांसाठी त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची नाशिकरोडला बिटको, पंचवटीत इंदिरा गांधी आणि कथड्याला झाकीर हुसेन ही रुग्णालयं आहेत. पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही, कावीळ ब यांची तपासणी होते आणि माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, उपचार लगेच सुरू होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून एकदा तरी त्या दिवशी याच. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्याने खात्यात येतात, म्हणून आधार कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक सोबत आणा. दुसऱ्या गावाहून कामाला आलेल्या असाल तरी नोंदणी इथे होते, कार्ड घेऊन पुढे कुठेही जाता येतं.

पहिल्या तपासणीला उपाशी यायची गरज नाही. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, ते जेवलेलं असलं तरी चालतं. मळमळ असेल तर घरून दोन घास खाऊनच निघा आणि पिशवीत थोडे फुटाणे ठेवा, पण ते रक्त देऊन झाल्यावरच खा. ते दोन तास तिथेच बसावं लागतं.